बारा नळ्यांत छत्तीस शेळ्या

पाणवठ्यावर आडवा दोर बांधला त्याला आज तिसरा दिवस होता. दोराला लाल चिंध्या लटकत होत्या आणि पलीकडे रबरी बूट घातलेला एक माणूस उन्हात बसून कंटाळला होता. खालच्या वस्तीत शेळ्यांना तोंडाचा रोग आला होता. रोग मोठा लबाड. आठ-नऊ दिवस जनावर धडधाकट दिसतं, चरतं, उड्या मारतं. मग एका सकाळी तोंड आतून सोलपटून निघतं आणि तीन दिवसांत खेळ आटोपतो. तोवर शेजारच्या दहा जणींना वाटून झालेलं असतं. म्हणून खालच्या वस्तीतले पाच कळप सरसकट खड्ड्यात गेले. चुना टाकलेला तो खड्डा थोरलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

थोरलीच्या गोठ्यात छत्तीस शेळ्या होत्या. नवरा गेला तेव्हा अकरा होत्या. तिने छत्तीस केल्या. शेत नाही, दुकान नाही, घर चालायचं ते दुधावर. घरात ती, तिचा धाकटा दीर आणि दिराची बायको. दूध काढायचं काम थोरलीचं. चरायला न्यायचं जावेचं. दूध पोचवायचं आणि चार घरच्या बातम्या आणायच्या, हे दिराचं. आता चराई बंद आणि दूधही कुणी घेईना, म्हणून तिघंही विहिरीवरून पाणी ओढत होती. छत्तीस तोंडांना पाणी घरी आणून पाजायचं म्हणजे खांदे सोलून निघतात. जावेने खांद्यावर पोत्याचा तुकडा घेतला होता. थोरली काही न घेता ओढत होती, कारण जावेने घेतला होता.

दुपारी दीर रिकाम्या घागरी खाली ठेवत म्हणाला, "वहिनी, उद्या आपल्याकडे पेटीवाली येणार."

"ती कोण आणखी?"

"शेळीच्या तोंडात कापसाची काडी फिरवते, लाळ घेते. मग पेटी ती लाळ वाचते."

"वाचते?"

"अक्षरं असतात म्हणे लाळेत. चारच अक्षरं, पण लाखो वेळा, उलटसुलट. रोगाची ओळ वेगळी, शेळीची वेगळी."

"चार अक्षरं वाचता येतात आणि तिला घरोघर बोलावतात? तुला तर सगळी बाराखडी येते, तुला कुणी दारात उभं करत नाही."

जाऊ तोंड फिरवून हसली. दिराने तेवढं चालवून घेतलं. बातमी सांगायची राहिली होती.

"मोठ्या प्रयोगशाळेत लाळ पाठवली तर निकाल वीस दिवसांनी येतो. सरकारी डॉक्टर तेवढा थांबतोय कशाला? तो सरळ खड्डा खणतो. ही पेटी संध्याकाळच्या आत सांगते. कुठल्या कंपनीची नाही. कुणीतरी ती बनवायचे आराखडे फुकट वाटलेत, ज्याला जमेल त्याने बनवावी. हिने एका दुरुस्तीच्या दुकानात बसून बनवली."

"म्हणजे घरचीच."

"घरचीच. डॉक्टरने मानलीय. निकाल कागदावर आला की जेवढ्या आजारी तेवढ्याच नेणार. पण वरच्या घरी घोटाळा झाला." त्याने आवाज उतरवला. "वारा असा सुटलाय, शेळ्यांची तोंडं कोरडी ठणठणीत. नऊ काड्या कोरड्याच निघाल्या. लाळ नाही तर निकाल नाही. आणि निकाल नाही म्हणजे..."

पुढचं त्याने बोलायची गरज नव्हती. थोरलीने घागर उचलली आणि विहिरीकडे निघाली. वाटेत तिचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. कोरडी तोंडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ पाण्याला गेली, दीर रस्त्यावर पेटीवालीची वाट बघत उभा राहिला, तेव्हा थोरलीने माळ्यावरून मिठाचा दगड काढला. बकऱ्या पाळणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. चारा नको म्हणणाऱ्या शेळीला मिठाचा दगड दाखवावा. चार वेळा जीभ फिरवते न फिरवते तोच लाळ गळायला लागते. थोरली दगड दोन्ही हातांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. एकेकीला चाटू दिला, मोजून दहा वेळा. छत्तीसावी झाली तेव्हा पहिल्या शेळीच्या हनुवटीवरून अजून तार लोंबत होती. थोरलीने दगड पदराने पुसला, माळ्यावर ठेवला आणि हात धुतले. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं. माझ्याकडे एकही काडी कोरडी निघणार नाही, ती मनाशी म्हणाली.

पेटीवाली पंचविशीची, केस आखूड कापलेले, बोटांना डिंकाचे डाग. मोटरसायकलवर मागे बांधलेली पेटी तिने दोन्ही हातांनी उतरवली. ती जेवणाच्या डब्याहून फार मोठी नव्हती. कडेचे स्क्रू उघडे दिसत होते आणि झाकण बसावं म्हणून वर रबर लावलेलं होतं. एका तारेने ती पेटी जुन्या संगणकाला जोडलेली. थोरलीने वाकून पाहिलं आणि मनात म्हणाली, आपल्या गोठ्याचं दार याहून नीट बसतं.

सरकारी डॉक्टर मागोमाग आला. बोलायला सभ्य, पण रात्ररात्र न झोपलेला. तो भिंतीला टेकून उभा राहिला, म्हणजे पुढे बोलावं लागणार नाही.

जाऊ शेळीचं डोकं धरायची, थोरली जबडा उघडायची, पेटीवाली काडी फिरवून ती नळीत मोडून टाकायची. प्रत्येक नळीत ती वेगळ्या बाटलीतला एक थेंब सोडत होती. "ही प्रत्येकीची खूण," ती म्हणाली. "मग सगळ्यांची लाळ एकत्र वाचली तरी कुठली ओळ कुणाची ते पेटीला कळतं." दहाव्या शेळीला ती थांबली. "मावशी, एवढी लाळ मला कुठेच मिळाली नाही. काय खाऊ घालता?"

"काळजी घेतो आम्ही," थोरली म्हणाली. जावेने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची शेळी ओढली.

दुपार कलायला लागली तसा वारा वाढला. पेटीवाली ओट्यावर संगणकासमोर बसली होती. पडद्यावर ओळी सरकत होत्या. दीर तिच्या मागे उभा राहून ते सगळं आपल्याला समजतंय असं तोंड करत होता. थोरली चार वेळा उठली, चार वेळा बसली. गोठा झाडून झाला होता तो तिने पुन्हा झाडला.

पेटीवालीने शेवटी मान वर केली. तिचा चेहरा पाहून थोरलीने केरसुणी थांबवली.

"सगळ्यांत आहे," पेटीवाली म्हणाली.

"सगळ्यांत म्हणजे?"

"छत्तीसच्या छत्तीस."

डॉक्टरने भिंतीचा टेका सोडला. खिशातून पेन काढलं. त्याने ते इतक्या सवयीने काढलं की थोरलीला त्याच्या हातावर फटका मारावासा वाटला.

"थांबा ना, डॉक्टर," पेटीवाली म्हणाली. "हे बरोबर दिसत नाही. चार-पाच जणींत रोगाच्या ओळी ढिगाने आहेत. बाकीच्यांत अगदी चिमूटभर. आणि दुसरंच एक दिसतंय. प्रत्येक शेळीच्या स्वतःच्या ओळी वेगळ्या असतात, माणसाच्या अंगठ्यासारख्या. इथे एकेका नळीत चार-चार, पाच-पाच शेळ्यांच्या ओळी सापडतायत. एका शेळीच्या तोंडात इतर शेळ्यांची लाळ कशी येईल?" ती थोरलीकडे वळली. "मावशी, सकाळी सगळ्यांनी एकाच भांड्यात पाणी प्यायलं का? एकाच ठिकाणी काही खाल्लं?"

थोरलीच्या कानात वारा शिरल्यासारखं झालं.

"पाणी वेगवेगळ्या घमेल्यांत पाजलं," दीर मध्येच म्हणाला. "मीच पाजलं. आमच्याकडे शिस्त आहे."

"मग तुमचीच पेटी घोटाळा करत असेल," डॉक्टर पेटीवालीला म्हणाला. "मला कारण लागतं, बाई. कागदावर 'आहे' असेल तर मी कळप नेतो. 'पुन्हा तपासा' असं लिहायचं तर का, ते लिहावं लागतं. बरोबर दिसत नाही, हे कारण नाही झालं."

थोरली ओट्याच्या कडेला बसली होती. तिच्या हातात केरसुणी होती. या घरात चूक कोण करतं, हे ठरलेलं होतं. चूक जाऊ करायची. जावेने दार लोटलं नाही, जावेने पिल्लाला उन्हात ठेवलं, जावेला बांधायची गाठ येत नाही. आठ वर्षं थोरलीने हे सगळ्यांदेखत मोजून दाखवलं होतं. आता डॉक्टर उभा, परकी मुलगी बसलेली, दीर शिस्तीच्या गप्पा मारतोय, आणि जाऊ खांबाला टेकून आपल्या पायाच्या बोटांकडे बघतेय. गप्प राहिलं तर ठपका पेटीवर जाईल. घरगुती पेटी, उघडे स्क्रू, कुणीही मान हलवेल. आणि गोठा रिकामा होईल.

गोठ्यात कुणीतरी दाव्याला हिसका दिला. थोरली उठली.

"मी चाटवलं," ती म्हणाली.

"काय?" दीर म्हणाला.

"मिठाचा दगड. लाळ सुटावी म्हणून. सकाळी सगळ्यांना. एकच दगड, एकीच्या तोंडून काढून दुसरीच्या तोंडाला." तिचा आवाज तिलाच उंच वाटला. "मला वाटलं कोरड्या काड्या निघतील. लिहा, डॉक्टर. कारण लिहा. म्हातारीला अक्कल नव्हती असं लिहा."

दिराचं तोंड उघडं राहिलं होतं; त्यातही लाळ भरपूर होती. डॉक्टरने कागद मांडीवर घेतला आणि खरंच लिहायला लागला. अक्कल वगळून.

"मी पाहिलं होतं," जाऊ हळूच म्हणाली. "पाण्याहून लवकर आले होते. तुम्ही दगड पुसत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होते." जावेने नजर उचलली नाही. "आणि मी बोलले असते तर कुणी धरलं असतं?"

थोरलीने केरसुणी या हातातून त्या हातात घेतली. उत्तर तिला येत होतं.

पेटीवाली तोवर आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होती. "हे बघा," ती म्हणाली, "सकाळचं वाचन धरता येणार नाही; ढिगाच्या ओळीही दगडावरून आलेल्या असू शकतात. पण पुन्हा वाचता येईल. सगळ्यांची तोंडं आत्ता पाण्याने धुवायची, मग दोन तास काही खायला-प्यायला द्यायचं नाही. तेवढ्यात दुसऱ्याची लाळ निघून जाईल. आज लागलेला रोग दोन दिवस तरी दिसत नाही, म्हणजे आत्ता दिसेल तो जुनाच. पण माझ्याकडे खुणेच्या बाटल्या बाराच उरल्यात. बाकीच्या मिळायला आठवडा जाईल."

"आठवडा मला देता येणार नाही," डॉक्टर म्हणाला. "उद्या सकाळी गाडी येतेय."

"मग एका नळीत तीन शेळ्या घालू. बारा नळ्या, बारा त्रिक छत्तीस. पण नळीत रोग निघाला तर तिघींतली कुठली, ते सांगता येणार नाही. तिघी जातील."

"एकीला वेगळी नळी?" थोरलीने लगेच विचारलं. कुणासाठी विचारतेय हे घरात सगळ्यांना कळलं.

"मग दुसऱ्या दोन नळ्यांत चार-चार होतात, मावशी. चौघींची लाळ एकत्र झाली की थोडासा रोग दिसत नाही. तीनच."

"कुठल्या तीन एकत्र?" दिराने विचारलं. "रांगेने घ्यायच्या?"

"रांगेने घेतल्या तर आजारी शेळ्या चार-पाच नळ्यांत विखुरतील," पेटीवाली म्हणाली. "पंधरा जातील. ज्या एकमेकींच्या जवळ असतात त्या एकत्र घातल्या तर रोगही एकत्र सापडतो. कोण कुणाजवळ असते, हे तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल?"

दिराने थोरलीकडे पाहिलं. थोरलीला प्रत्येक शेळीची कास ठाऊक होती. कुणाचं दूध कुठल्या बाजूने आधी उतरतं, कोण लाथ मारते, कोण दूध चोरून ठेवते. पण दावं सोडल्यावर त्या कुठे जातात, कुणाला टेकून बसतात, हे तिने आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने केरसुणी भिंतीला लावली.

"तिला विचारा," ती म्हणाली. "त्या तिच्याबरोबर असतात."

जाऊ पुढे आली. आधी चाचरत, मग भराभर. "लांबकानी, शिंगाडी आणि ती तांबडी, तिघी बहिणीसारख्या. एक हलली की तिघी हलतात. चोरटी एकटीच हिंडते, पण दुपारी ढमालीच्या सावलीत येते, ढमाली मोठी आहे ना." तिने एकेकीला सोडून त्रिकूट त्रिकूट करून वेगळ्या खुंटांना बांधायला सुरुवात केली. गाठी चांगल्या होत्या. थोरली दर शेळीचं तोंड उघडून पाणी फिरवत होती. कोपरापर्यंत ओली, गुडघे शेणात. शेळ्या शिंकत होत्या आणि तिच्या तोंडावर उडवत होत्या. पेटीवाली खडूने खुंटांवर आकडे घालत होती.

"भुरी आणि काणी," जाऊ म्हणाली. "या दोघींनी परवा चारा अर्धा ठेवला होता. या एका नळीत." ती थांबली. "आणि शहाणी."

थोरलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. शहाणी सगळ्यांत दुधाळ. तिला थोरलीने बाटलीने वाढवली होती; तिची आई विताना मेली तेव्हा महिनाभर ती थोरलीच्या अंथरुणाशी झोपली.

"शहाणी नाही," थोरली म्हणाली. "तिने चारा ठेवलेला नाही. काल दोन शेर दूध दिलं तिने. तिला लांबकानीबरोबर घाल."

"ती काणीला टेकून बसते, जाऊबाई. रोज. काणीला त्या बाजूचं दिसत नाही, तर ही त्याच बाजूला बसते."

"एखादे दिवशी बसली असेल."

"रोज."

"तिला लांबकानीत घाल म्हणते ना मी!"

जावेने शहाणीचं दावं पुढे केलं. "घाला. तुम्ही म्हणाल तिथे बांधते. तिला रोग असला तर तुमच्या हट्टापायी शिंगाडी आणि तांबडी जातील. मग मला विचारलंत कशाला?"

पेटीवाली खडू हातात धरून थांबली होती. दिराने बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं. थोरली शहाणीकडे बघत राहिली. शहाणी तिच्या बाहीचा काठ चघळत होती.

"बांध," थोरली म्हणाली. "तू म्हणतेस तिथे बांध." आणि तिने शहाणीचा जबडा उघडून पाणी फिरवलं, इतरांना फिरवलं तसंच.

दोन तासांनी पुन्हा काड्या फिरल्या. या वेळी लाळ बेताची होती, पण पुरेशी निघाली. पेटीवालीने शेजारच्या घरी मुक्काम केला. थोरलीच्या घरी त्या संध्याकाळी जेवण झालं, म्हणजे ताटं वाढली आणि उचलली.

सकाळी गाडी आली तेव्हा पेटीवाली ओट्यावर होती. तिने कागद डॉक्टरकडे न देता आधी थोरलीपुढे धरला. थोरलीला आकडे वाचता येत होते.

"दोन नळ्या," पेटीवाली म्हणाली. "चौथी आणि नववी. बाकी दहा स्वच्छ. तीस राहतात, मावशी. दहा दिवस बाहेर काढायच्या नाहीत, मग मी परत येऊन वाचीन."

नववी नळी म्हणजे भुरी, काणी आणि शहाणी.

"हिच्यात होता का?" थोरलीने विचारलं. "हिच्या स्वतःच्यात?"

"तिघींच्या ओळी एकत्र आहेत. कुणीतरी एक, किंवा दोघी, किंवा तिघी. मला सांगता येत नाही."

"पेटीला?"

"पेटीलाही नाही."

दीर गाडीला फळी लावून द्यायला गेला. चौथ्या नळीतल्या तिघी जावेच्या मागोमाग चढल्या. ती हलकी हाळी देत फळीवर चढली आणि त्या चढल्या, रोज टेकडी चढतात तशा. मग भुरी, मग काणी, फळीची कड नाकाने चाचपत. शहाणी चढेना. जावेने हाळी दिली, दावं ओढलं, मागून दिराने रेटलं. शहाणीने चारही खूर जमिनीत रोवले आणि मान वळवून ओट्याकडे पाहत ओरडायला लागली. गाडीवाल्याने तिचा कान धरला.

"सोड," थोरली म्हणाली. "कान सोड तिचा."

ती खाली उतरली. जावेच्या हातातून दावं घेतलं आणि फळीवर चढली. पन्नाशीची बाई, गुडघे धरून चढली. शहाणी लगेच तिच्या मागे चढली. थोरली तिला आत घेऊन गेली, दावं कडीला बांधायला वाकली आणि वळून फळीवरून उतरली. गाठ पुरती बसली नव्हती. शहाणी तिच्या मागे उतरली.

गाडीवाला हसला. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला.

थोरली पुन्हा चढली. शहाणी पुन्हा चढली. पुन्हा तसंच. बाईचे पाय फळीला लागले की शेळी मागे हजर.

तिसऱ्या खेपेला थोरली आतच राहिली. शहाणीला काणीच्या त्या न दिसणाऱ्या बाजूला उभी केली. शहाणी गप झाली. "फळी काढा," थोरली आतून म्हणाली.

"वहिनी, आणि तुम्ही?"

"काढ म्हटलं ना. फाटक लावा."

दिराने फळी काढली, फाटक लागलं, कडी बसली. थोरली शेळ्यांच्या पाठींवरून वाट काढत गाडीच्या बाजूच्या फळकुटापर्यंत आली. ते तिच्या छातीपर्यंत होतं. तिने एक पाय वर टाकायचा प्रयत्न केला, पोहोचला नाही. आतून शहाणी पुन्हा तिच्याकडे वळायला लागली होती. घाई करायला हवी होती. थोरलीने पोटावर भार देऊन अंग फळकुटावर टाकलं आणि तशीच अडकली, अर्धी आत, अर्धी बाहेर, डोकं खाली. खाली सगळे बघत होते.

जाऊ धावत आली. तिने चाकावर एक पाय ठेवला, वर चढली आणि थोरलीला काखेत हात घालून धरलं.

"इकडे पाय घ्या. हा. आता दुसरा. चाकावर ठेवा, तिथे नाही, इथे." तिने थोरलीची टाच हातात धरून चाकावर टेकवली. "सोडा आता हात. मी धरलंय."

थोरलीने हात सोडले.